मासा क्रमांक दोनशे बारा

दारावर टकटक करायला तिला
अकरा मिनिटं लागली.
फटीखालून मला बूट दिसत होते,
पुढे येत होते, मागे जात होते.
वाल्दिव्हियाच्या या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काच धुते आहे,
बुटांवरून इयत्ता सांगते.
हे दुसरं वर्ष होतं.

याकेलिन काउपान. गाव कोराल,
खाडी ओलांडून लाँच, मग बस.
हातात ओलसर गुणपत्रिका,
रसायनशास्त्राचा आकडा अंगठ्याने झाकलेला.
"डॉक्टर ओयार्सूनना भेटायचं होतं.
म्हणजे, त्यांना वेळ असेल तर.
म्हणजे, काही काम असेल तर. पैसे नकोत."
पैसे नकोत म्हणणाऱ्या पोरांची मला धास्ती वाटते.
घरून निघताना त्यांनी भाडं कोणाकडून घेतलेलं असतं?

डॉक्टरीणबाईंनी गुणपत्रिका बघितलीच नाही.
"कंटाळा आला की काय करतेस?"
पोरगी गडबडली, मग खरं बोलून गेली:
"मोजते. धक्क्यावरच्या फळ्या. पायऱ्या.
बाजाराशी लोळणारे समुद्रसिंह."
"सोमवारी ये."

विज्ञान कसं असेल असं तिला वाटलं होतं, कोण जाणे.
पहिला महिना माझ्याबरोबर कुप्या विसळल्या,
चिठ्ठ्या चिकटवल्या,
फ्रीजरचं दार लाथेनेच लागतं हे शिकली,
आणि लाथ कुठे मारायची तेही.
मग मेर्लुसाचं डोकं चिरून
कानातला खडा काढायला बसली.
पहिले चार मोडले. पाचवा अख्खा निघाला,
तळहातावर घेऊन मला दाखवायला आली,
दुधाचा दात पडल्यासारखी.

खडा मोडायचा, जाळायचा, भिंगाखाली धरायचा.
आत वलयं असतात, एक फिकं, एक गडद:
माशाने स्वतःच्या वयाचा हिशोब
स्वतःच ठेवलेला असतो,
फक्त अक्षर फार वाईट.

दोनशे बारा नंबरचा मासा.
पहिल्यांदा मोजला: सात.
नियम असा की आधीचं पान झाकायचं, आठवड्याने परत मोजायचं.
नऊ.
आणखी आठवड्याने: आठ.

त्या संध्याकाळी ती नळाशी येऊन उभी राहिली.
"एल्सिरा, मी तिन्ही ठिकाणी आठ लिहिलं तर
कोणाला कळणार आहे?"
मी म्हटलं, मला.
एवढंच म्हटलं. हात साबणाचे होते.

दुसऱ्या दिवशी तिने वही डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली,
जशी चोरीची वस्तू परत करावी.
बाईंनी भिंग लावलं. खूप वेळ पाहिलं.
चष्मा पुसला, परत पाहिलं.
"मला दहा दिसतात," म्हणाल्या.
"चारही लिही. आपण किती चुकतो
याचाही एक रकाना असतो. तो रिकामा असला
की मी कोणावर विश्वास ठेवत नाही."

मी पोरीचा चेहरा पाहिला.
परीक्षेत असं कोणी तिला कधी सांगितलं नव्हतं.

थोडे पैसे मिळू लागले जूनपासून,
लाँचपुरते, अधूनमधून एखाद्या एम्पानादापुरते.
रविवारी घरी जाऊन बापाला फोनवरचा फोटो दाखवला,
कापलेल्या खड्याचा, वलयांसकट.
चाळीस वर्षं जाळी ओढलेला माणूस तो.
त्याने फोटो लांब धरला, जवळ धरला.
"छान आहे," म्हणाला. "पण मोजून मासा वाढतो का गं?"

हे तिने बैठकीत सांगितलं, हसवायला म्हणून.
कोणी हसलं नाही.
डॉक्टरीणबाई उठल्या आणि फळ्यावर लिहिलं,
जसंच्या तसं, खाली नावासकट:
होसे काउपान, मच्छीमार.

फळा पुसणं माझ्याकडे.
रोज संध्याकाळी आलेख पुसते, समीकरणं पुसते,
कोणी काढलेलं कुत्र्याचं चित्रही पुसते.
ती ओळ सोडून कडेकडेने फडकं फिरवते.
उत्तर कोणी लिहिलेलं नाही अजून.
खाली थोडी जागा आहे.

आत्ता, दिवे मालवताना,
आतल्या खोलीतून फ्रीजरला लाथ बसल्याचा आवाज आला.
एकच. नेमक्या जागी.