तापलेला जॉब

इतरांना रविवारी संध्याकाळी येते,
मला गुरुवारी.
भोसरीत आमच्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची,
त्यामुळे साधारण सातच्या सुमाराला
गवारीचं देठ मोडता मोडता
छातीत कुणीतरी स्पिंडल चालू करतं.
आई विचारते, काय गं?
मी म्हणते, काही नाही, ॲसिडिटी.

ॲसिडिटीच्या नावावर आमच्या घरात बरंच काही खपलंय.
वडिलांची कंपनी बंद पडली
तेव्हा त्यांनाही दोन वर्षं ॲसिडिटीच होती.

मी क्वालिटीत. आडनाव ढोबळे, काम मायक्रॉनचं.
यावर शॉपमधले सगळे हसून झालेत.
पितळी बुश, आतला व्यास बावीस,
वर एकवीस मायक्रॉन, खाली शून्य.
केस उभा चिरून चौघांत वाटावा
एवढीच सूट, तीही एकाच बाजूला.
गेज घालायचा. जातो. जात नाही.
दिवसाला बाराशे वेळा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सहीने
चारशे बुश चाकणला गेले
आणि लाल टॅग लावून परत आले.
कुणी ओरडलं नाही.
लाटकर साहेबांनी खोका टेबलावर ठेवला,
म्हणाले, "बघा."
ते अजून बघतेय मी.

गॅस बंद केलाय का, बघते.
व्हर्नियर शून्यावर आहे का, तीनदा बघते.
पाठवून झालेला मेल उघडून बघते.
बाथरूमच्या भिंतीवर फरशा छप्पन्न,
एक तडकलेली, खिडकीखाली.
किती वेळा मोजल्यात ते विचारू नका.

मध्ये बाणेरहून एक बाई आल्या होत्या, ताण घालवायला.
डोळे मिटा, म्हणाल्या, समुद्रकिनारा आणा समोर.
पलीकडे शंभर टनी प्रेस धडधडत होता.
मी आणला समुद्र.
त्याचं ड्रॉइंग कुठे मिळेल, एवढंच सुचलं.

स्टँडर्ड रूममध्ये बारा महिने वीस अंश.
मे महिन्यात, टपरीचा पत्रा भाजत असताना, आत वीस.
त्या दिवशी ऑडिटर आलेला
आणि मी लेथवरचा जॉब उचलून थेट आत नेलेला,
तीनदा मोजला, आकडे तीन.
चौथ्यांदा गेज हातात थरथरायला लागला.
तांबोळीकाकांनी जॉब माझ्या हातातून काढून घेतला.
माझ्याकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं.
"तापलेला जॉब मोजायचा नसतो, ढोबळे.
पितळ फुगतं. आकडा खोटा येतो."
"मग?"
"मग काय. ग्रॅनाइटवर ठेवायचा. ते घेतं ओढून."
"किती वेळ?"
"त्याला लागेल तेवढा. चहा पिऊन ये."

एकतीस वर्षांत काका पितळाखेरीज
कशाबद्दलही बोललेले मी ऐकलेलं नाही.
तेव्हाही पितळाबद्दलच बोलले असणार.

टपरीवर ग्लास धरवत नव्हता.
ओढणीच्या टोकात धरला.
समोरून निगडीची बस गेली, पाटी न लावलेली,
आणि दोघं जण तिच्यामागे उगाच धावले.
ते बघत राहिले. ग्लास कधी धरवायला लागला, कळलं नाही.

परत येऊन मोजला.
बावीस पूर्णांक शून्य एक दोन.
पास.
नापासही निघाला असता.
पण खरा निघाला असता.

बरी झालेय, असं नाही.
फरशा अजून छप्पन्नच आहेत.
काका चौदा महिन्यांनी रिटायर होतील,
मग ग्रॅनाइटवर कुठला जॉब कधीचा ठेवलाय
हे कोण सांगणार, याचीही आतापासून धास्ती आहे.
पण आज गुरुवार, सात वाजलेत, स्पिंडल सुरू झालंय,
आणि मी गवार बाजूला सारून
दोन्ही हात कोपरापर्यंत ओट्यावर टेकवलेत.
ग्रॅनाइट नाही, कडाप्पा आहे. चालतो.

आई विचारते, काय गं?
तापलेय, म्हणते मी.
ती ओले हात पदराला पुसून
कपाळाकडे हात आणते.

थांब.
लगेच नको मोजूस.