बी-फ्लॅटच्या जरा वर

ऑक्टोबर संपता संपता तो आला
आणि स्पीकरच्या जाळीमागं बिऱ्हाड केलं.
"डार्का, ऐकतेस? घूंऽऽ"
डार्का म्हणाली, "मला नाही बाई ऐकू येत काही,"
आणि विणकामाचे टाके मोजत राहिली.

एकतीस वर्षं मी शाळेचा बँड शिकवला.
ट्रॉम्बोनवाल्या पोरांचा सूर केसभर घसरला
तर मान न वळवता नाव घ्यायचो.
हा बी-फ्लॅट नव्हता. बी पण नव्हता.
दोघांमधल्या फटीत तंगड्या पसरून बसलेला,
सेकंदाला साठ हेलकावे,
विनिपेगच्या सगळ्या भिंतींतून वाहतो तोच आकडा.

जानेवारीत एका रात्री मी घर एकेक करून विझवलं.
फ्रिज. दिव्याचा डिमर. माशांच्या टाकीचा पंप
(मासे माझ्याकडे बघत राहिले).
आवाजाचं बटण शून्यावर आणलं: घूं.
डीव्हीडी काढला: घूं.
वायरी एकमेकींपासून लांब केल्या
भांडलेल्या जावांसारख्या, तरी घूं.
अंधारातून डार्कानं विचारलं,
"निदान चहा तरी करू देशील?"

सार्जंट अव्हेन्यूवरून क्रिसांतो आला, रेडिओ दुरुस्तीवाला.
बूट दारात काढले, चष्म्यावरची वाफ पुसली
आणि काही न विचारता
टीव्हीच्या केबलचा पेच दोन बोटांनी सोडवला.

शांतता.

त्याच्या खिशात एक डबी होती, काडेपेटीएवढी,
चौदा डॉलरची. मध्ये जोडली की काम संपलं.
मी पाकीट काढलं.
तो म्हणाला, "पोर का रडतंय ते न बघता
तोंडावर हात ठेवायचा का?
तळघर कुठंय?"

खाली, बॉयलरच्या मागं,
फ्यूजबोर्डापासून आलेली अर्थिंगची उघडी तार
तांब्याच्या नळाला आवळलेली.
माझ्या सासऱ्यानं आवळलेली, सत्तावन्न साली.
क्रिसांतोनं बॅटरीचा झोत सरकवला.
नळ हातभर पुढं गेला
आणि निळा झाला.
प्लास्टिक.
ऑक्टोबरात महापालिकेनं शिशाचा जुना नळ बदलला होता.
सही मीच केली होती,
कामगारांना वर बिस्किटंही दिली होती.
पाणी शुद्ध झालं
आणि घराचा पाय जमिनीवरून सुटला.

तीन महिने आमची वीज
परतीची वाट शोधत
केबलच्या पातळ अस्तरातून रस्त्याकडं जात होती.
जाता जाता सांगत होती.
मी सूर तपासत होतो.

आल्दिस ब्योर्नसन आली, गिमलीची इलेक्ट्रिशियन.
बाहेर उणे एकतीस.
अंगणात घाव घातला असता तर सळईच वाकली असती.
तिनं तळघराची फरशी फोडली, दोन जागी.
सिमेंटखालून माती निघाली: काळी, ओली,
मुठीत दाबली तर बोटांचे ठसे धरणारी.
वर अख्खं शहर गोठलेलं
आणि आमच्या पायाखाली ही.
आम्ही तिघंही जरा वेळ नुसते बघत राहिलो.
मग तिनं सळया ठोकल्या, तीन-तीन मीटरच्या.
सळई आत जाईल तसा तिचा सूर चढत गेला.
कुठला, ते मी ठरवलं नाही.

रात्री केबल परत लावली. डबी न लावता.
ऐकायला म्हणून पंप पुन्हा बंद केला,
आवाजाचं बटण पार टोकाला नेलं.
काही नाही.
थंडीनं भिंतीतलं लाकूड एकदा कडाडलं.

डार्काच्या सुया थांबल्या.
"गेला एकदाचा," ती म्हणाली.
"तुला तर ऐकूच येत नव्हता!"
"तू एकट्यानं ऐकलास तर एवढं घर उकललंस.
दोघांनी ऐकला असता तर?"
मग टाके पहिल्यापासून मोजायला घेतले.
"आणि माशांचा पंप लाव."