तोंडी लावणं

मोचेमाडच्या वाळूतली रताळी.
इंदूमतीनं पाटी उतरवली आणि म्हणाली,
नीट बघ हां, दोनेकांना कीड आहे.
नव्हती. कोंब फुटायच्या जागा होत्या त्या.
पण मालातली एक खोट आपणच सांगायची,
म्हणजे बाकीच्याचा भाव उतरत नाही,
हे ती आईकडून शिकली.

चार घेतली.
साल ताज्या बांगड्याच्या कल्ल्यासारखी लाल,
आत पांढरं, आणि तो चीक,
खोबरेल चोळल्याशिवाय बोटं सोडत नाही.
चकत्या करून मिठाच्या पाण्यात टाकल्या,
नाहीतर काळ्या पडतात
आणि तू विचारतोस, करपला काय गो?

तू पहाटेपासून रापणीला.
म्हणजे आज मासळी असणार, हे धरूनच
मी वाटण काढून ठेवलं होतं, तिरफळंसुद्धा.
रताळं काय, तोंडी लावायला.

नारळ खवला. पहिला रस जाड,
वाटी तिरपी केली तरी उतरायला वेळ घेतो.
त्यात तांदळाचं पीठ, चमचाभर, जास्त नको,
ठेचलेली लसूण, मिरी,
परसातलं जायफळ किसणीवर एकदाच घासून.
आमसूल नाही.
तू असतास तर डब्याकडे हात गेला असता.
आंबट लागलं की रस फाटतो,
आणि फाटलेला रस कुणाच्या सांगण्यानं जुळत नाही.

थर लावले. चकती, रस, चकती.
ताट इनासच्या बेकरीतलंच, खारीचं, एका बाजूनं चेपलेलं.
तीन वर्षं झाली, ना तो मागत, ना मी देत.

चारच्या सुमाराला त्याचे पाव निघतात.
मग भट्टी तासभर तशीच तापलेली,
भांडून गप्प बसलेल्या माणसासारखी.
हाड, म्हणाला, पण मागच्या खेपेक उतू गेला,
दोन दिस पावांक लसणीचो वास.
लांब फळीवरून ताट आत सरकलं.
मी बाकावर बसले. कोसेसांव लाद्या मोजत होती,
मध्येच आकडा चुकली, पुन्हा एकपासून.
आधी लसणीचा वास आला, मग नारळाचा.
रताळ्याचा सगळ्यात उशिरा.

बाहेर काढलं तर वर तांबूस साय,
मधोमध अजून बुडबुडे,
ओहोटीला खाडीचा चिखल बोलतो तसे.
फडक्यात गुंडाळून सायकलच्या मागे बांधलं
आणि चढ चालतच चढले.

तू आलास तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.
पिशवीची घडीसुद्धा मोडली नव्हती.
साठ माणसांनी ओढली, म्हणालास,
आणि जाळ्यात निव्वळ झार,
अजून अंग खाजतंय.
तळवे दोरानं सोललेले. चमचा धरवेना.

वाटण झाकून ठेवलं. भात वाढला,
आणि भाताच्या शेजारी नाही, भातावरच डावभर.
मग आणखी डावभर.
बराच वेळ तू बोललाच नाहीस.
कोपऱ्यात चिकटलेला तुकडा, जरा करपलेला,
दोघांनाही आवडतो तो,
मी तुझ्याकडे सरकवला, तू माझ्याकडे,
असं दोनदा झालं.
मग तो मोडायला गेलास
आणि मीठ झोंबून स्स केलंस.

ताट रात्रभर भिजत घातलंय.
उद्या इनासला देऊन टाकावं म्हणते.
पण रिकामं कसं द्यायचं?
इंदूमतीच्या पाटीत अजून असतील चारेक.