पट्टीशिवाय

हा ओढा मी पट्टीने काढला होता, एक्याण्णव साली,
वॉर्ड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर, ट्रेसिंग पेपरवर.
दोन्ही अंगांना भिंत, तळाला काँक्रीट;
कात्रजकडून येईल ते पाणी
गपगुमान नदीला मिळेल.
साहेब म्हणाले, छान सरळ आलाय.

पाण्याला नकाशा कुणी दाखवला नव्हता.
एका सप्टेंबरात, रात्री दहाच्या सुमारास,
ते आपल्या जुन्या वळणावर वळलं.
वळणावर तोवर वस्ती होती
आणि वस्तीला लागून आमची सोसायटी.
(फ्लॅट स्वस्त मिळाला होता.
का, ते मला तरी कळायला हवं होतं.)

लिफ्टच्या खड्ड्यातला गाळ उपसताना
जाईबाई ससाणे भिंतीवर बोट ठेवत गेली:
हितं सासूच्या वेळेला. हितं थोरला झाला तवा. हितं परवा.
"सायेब, त्याला मांडी घालून बसाया जागा लागती.
तुमी त्याला नुसतं पळवताय."

जागा. पण कुणाची?
फायलीत पहिली लाल रेघ तिच्याच घरांवर आली.
मी रिटायर झालेलो, तरी गेलो,
माझ्या नकाशाच्याही आधीचा नकाशा घेऊन.
वळणाचं पोट निघालं आमच्या पार्किंगखाली.
सतरा गाड्या.
त्या मीटिंगबद्दल न बोललेलं बरं.
देवस्थळी अजून जिन्यात तोंड फिरवतात.

फरशी उखडली तर खाली काळी माती,
इतक्या वर्षांनीही ओलसर.
उतारावर वाळा लावला, काठाला वाळुंज, करंज;
उंबर आपला आपणच आला.
पहिल्या साली मिळाले फक्त डास
आणि तीन तक्रार अर्ज,
त्यातला एक माझ्या बायकोचा.

यंदा भाद्रपदात पाणी आलं.
जाईबाई टॉर्च घेऊन काठावर, मी छत्री विसरून.
थर्माकोल, एक चप्पल, नारळ, गढूळ फेस
खोलगटात शिरला, वाळ्याची पाती आडवी झाली,
पाणी गोल फिरलं, पुन्हा फिरलं
आणि बसलं.
तिसऱ्या दिवशी जमिनीत गेलं.
गाळात एक खेकडा, नांग्या वर करून.

"म्हणजे आता पुरेल?" मी विचारलं.
"मी कुठं म्हणलं पुरंल?
वर टेकडी फोडत्यात, तिकडं बघा की."

म्हणून टेबलावर वरच्या अंगाचा कागद पसरलाय.
हात हल्ली जरा कापतो.
रेघ वाकडी येते.
खोडत नाही.