वहीची डावी बाजू

कॉलेजातून निवृत्त झालो तेव्हा
प्रयोगशाळेतली एक कोरी शंभरपानी माझ्याकडे उरली.
मधोमध रेघ मारली.
डावीकडे: लोक म्हणतात.
उजवीकडे: आढळलं.

स्वारगेटहून सुटलेली एसटी पानशेतच्या अलीकडे सोडते.
तिथून वाडी पाऊण तास, सगळा चढ.
शाळेच्या व्हरांड्यात मंडळी जमलेली,
तुळाजी देवऋषी पुढे, कपाळभर भंडारा.
मला खुर्ची दिली, पाणी दिलं
आणि सगळे एकदम बोलायला लागले.

डावीकडे लिहीत गेलो.
सारजा मरळीण चेटूक करते.
तिची पावलं उलटी; चिखलात उमटलेली अख्ख्या वाडीनं पाहिलीत.
रात्री दोनला तिच्या वावरात दिवा फिरतो.
धोंडू निवंगुण्याची म्हैस आटली.
तुळाजीनं तिच्या नावानं लिंबू कापलं,
आतून रक्त.

उजवी बाजू भरायला दोन दिवस लागले.
ओल्या गवताचा भारा घेऊन ती उतारावरून पाठमोरी उतरते,
गुडघ्यांत जोर नाही म्हणून.
बोटं डोंगराकडे, बाई गावाकडे.
वीज रात्री दोनला येते. मोटर चालू करायला बॅटरी लागते.
म्हशीच्या सडाला सूज, डॉक्टर बोलावलेला नाही.
बारा गुंठ्यांचा उतारा तिच्या एकटीच्या नावावर
(उतारा म्हणजे सातबाराचा; दुसरा तुळाजीकडे मिळतो),
लगतचा बांध धोंडूचा.
तिला पुढचा दात नाही.
तो कसा पडला विचारलं
तर सगळ्यांना एकदम धारा काढायची आठवण झाली.

तिसऱ्या दिवशी सुरीला जास्वंदीचा रस चोळला, वाळवला
आणि सर्वांदेखत लिंबू कापलं.
लाल.
फूल दाखवलं. सुरी पोरांच्या हातात दिली.
पोरांनी सात लिंबं कापली, मास्तरांच्या पैशानं.
टाळ्या पडल्या. तुळाजीही हसला, बारीक.
मग धोंडू जवळ सरकला, आवाज खाली:
"साहेब, तुमची विद्या तुळाजीहून मोठी.
आमच्या म्हशीचं बघता का जरा?"

निघताना सारजाबाईकडे गेलो.
कोरा चहा, गूळ जास्त.
म्हटलं, आता कोणी काही म्हणायचं नाही तुम्हाला.
ती चुलीत लाकूड सारत राहिली.
"दात पाडला तवा मी चेटकी नव्हते,
नुसती रंडकी होते.
चेटकी झाले, तवापासनं बांध जागचा हलला नाही.
तुम्ही भलं केलंत.
पण रातची राखण आता कोण करंल? तुमची वही?"

मी कपातला गाळ बघत होतो.

"तांबडी का पांढरी?"
"काय?"
"जास्वंद."
तांबडी, म्हणालो. गावठी, पाच पाकळ्यांची.
फांदी खोचली तरी जगते.

वर्षानं परत गेलो, मास्तरांनी बोलावलं म्हणून.
म्हैस दूध देत होती:
डॉक्टरच्या सुईनं, का सारजेनं नजर काढून घेतली म्हणून,
यावर वाडीत दोन पक्ष, आणि हळदीकुंकवं वेगळी.
धोंडूनं औत चार हात आत घेतलेलं.
बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
कंबरेएवढी जास्वंद, भर फुलांत.
तिकडून कोणी गुरं नेत नाही,
पोरं चेंडू गेला तर जाऊ देतात.

सारजाबाई घरात नव्हती.
वर उतारावर भारा दिसला,
भाऱ्याखाली ती, पाठमोरी, हळूहळू.

मी वही काढली. उजवीकडे लिहिलं:
जास्वंद, तांबडी, सत्तावीस झाडं.
पुन्हा मोजली तर अठ्ठावीस.
तेही लिहिलं.