खिसा

कूलरची टाकी अजून कोरडीच,
पण मानेवाड्यात चैत्राचं ऊन
नऊलाच गच्ची चढून येतं.
सतरंजीवर मी आणि शेवंता ढेंगळे,
मधे अर्धी गोधडी.
तिच्या सुनेची बांधणी, इतवारीच्या शिंप्याकडची कातरणं,
यांच्या पोस्टातल्या शर्टाचा खाकी खिसा,
उसवायला हातच झाला नाही.

"काहून वं, तुहा सांबार फुलावर आला?"
कुंडीकडे बघत शेवंता विचारते.
तोडायचं राहिलं, म्हणते मी.
खरं तर ती बारीक पांढरी फुलं
मला बघायची होती.

नात येते, सात सुया ओवते
आणि पतंगीच्या मांज्यासारखी सटकते.

कडुनिंब झडतोय टाक्यांवर.
झटकू लागले, तर शेवंता म्हणाली, राहू दे.
एक फूल खिशात पडलं.
मी खिशाचं तोंड शिवून घेतलं.