छत्तीस पानं

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे पासपोर्ट तपासले.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, तिसऱ्या टेबलाशी,
कोरे, अजून कुणाचेच नसलेले.
पान उलटं शिवलंय का, आकडा सरकलाय का,
शाई फुटलीय का. फुटली असली तर बाजूला.
कोण जाणार, कुठे जाणार, हा आपला विषय नव्हता.
सुट्टी झाली की गेटवर झडती:
डबा उघडा, पर्स उघडा, छत्री झटका.
कागदाचा कपटासुद्धा बाहेर नेला नाही कधी,
नखात अडकलेली शाई सोडून.

माझा स्वतःचा आला तेव्हा
पोस्टमनला दारात उभं ठेवून पानं मोजली. छत्तीस.
उजेडात धरलं, शिवण ओढून पाहिली.
"काकू, काय बघताय?"
म्हटलं, "माझं काम."

आता प्रज्ञा घेंटहून म्हणते,
नव्वदच दिवस मिळतात आई, पण बाळाचे पहिले नव्वद.

कॉलेज रोडच्या एजंटकडे एसी इतका, की पदर घ्यावा लागला.
पोरगा चांगला. त्यानं रकाना वाचला: जन्माच्या वेळचं आडनाव.
चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
गांगुर्डे, मी म्हटलं,
वर्गात उशिरा पोचलेल्या मुलीनं हजेरी द्यावी तशी.

फोटो जेलरोडला. कान दिसले पाहिजेत, मागे पांढरं,
थोडं हसलात तरी रद्द, फोटोवाला म्हणाला.
तोवर हसू येत नव्हतं, मग आवरेना.
चौथ्या खेपेला जमलं.
झडतीला उभी असल्यासारखी आलेय.

मग पुरावा.
"काकू, तुम्ही परत येणार हे त्यांना पटलं पाहिजे."
पेन्शनचं पुस्तक दिलं, घरपट्टीची पावती,
सहा महिन्यांचं स्टेटमेंट. गॅस, वीज, गॅस, आणि मध्येच सव्वा लाख.
"हे कुठून आले?"
भिशी लागली.
भिशीला इंग्रजीत काय म्हणावं यात त्याचा चहा गार झाला.
मी तोवर मनात दुसरंच पत्र लिहीत होते:
साहेब, संध्याकाळी पाच वीसला नळाला पाणी येतं,
ते भरायला घरात दुसरं कुणी नाही.
खालच्या पाटोळेबाईंना इन्सुलिन मी टोचते,
सुनेचा हात थरथरतो.
पगारे गेले त्या खोलीतला पंखा कुरकुरतो
आणि ती कुरकुर नसली की मला झोप लागत नाही.
याची साक्षांकित प्रत कुठे काढतात?

पहाटेच्या एसटीनं कसारा उतरून मुंबईला गेले.
काचेपलीकडची मुलगी म्हणाली, चार बोटं ठेवा.
मशीन म्हणालं, पुन्हा.
"जोरात दाबा. या रुमालानं पुसा. भांडी फार घासता का, आंटी?"
कसं सांगू, बाई, या रेघा कुठे गेल्या.
तुझ्या शेजारी रचलाय ना तो ढीग,
त्यातले बरेचसे याच अंगठ्याखालून गेलेत.
सातव्यांदा हिरवा दिवा लागला.
मशीनला दया आली असावी.

सतराव्या दिवशी कुरिअरवाला आला, पाच वाजून गेले होते.
पाकीट कापलं. पासपोर्ट मिटलेलाच हातात धरला
आणि कडेवरून अंगठ्यानं पानं सोडली, फर्रर्र,
टेबलावर सोडायचे तशी, नजर खिडकीबाहेर.
आठ, नऊ, दहा,
अकराव्याशी अंगठा अडला.
किंचित जाड.
हात सवयीनं ते बाजूला ठेवायला निघालासुद्धा होता.

चष्मा फ्रिजवर. उठले,
तेवढ्यात मोरीतला नळ खोकला.
आधी पाणी भरलं.